सव्वा अकराची प्रतिभा

आवकरावांनी त्या दिवशी निर्णय घेतला तो एवढाच, की जुनी गोळी बंद करायची नाही.

निर्णय म्हणण्याइतका तो मोठाही नव्हता. चहाचा कप खाली ठेवता ठेवता घेतला गेला. पण संसारातले मोठे घोटाळे असेच कपबशीच्या आवाजात सुरू होतात. ढोल वाजवून सुरू झाले असते तर माणूस वेळीच सावध झाला असता.

आवकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं एका कार्यालयात त्यांनी आवक-जावक टेबल सांभाळलं. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख आणि वेळ. गेलेल्या कागदावरही तेच. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, सवय सुटली नाही. घरी आलेला पाहुणासुद्धा त्यांच्या मनातल्या मनात आवक क्रमांक घेऊनच उंबरठा ओलांडी. गल्लीनं हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. आता बायकोच तेवढी त्यांना ‘अहो’ म्हणायची.

तर डॉक्टरांनी त्यांची साखर पाहिली, भुवया उंचावल्या, जुनी चिठ्ठी बाजूला सारून नवी लिहिली आणि “आता ही घ्या, सकाळी नाश्त्याआधी,” एवढं सांगून पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. घरी येऊन आवकरावांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून आणि एकदा खिडकीच्या उजेडाला धरून. नवी गोळी सुरू करावी असं तीत होतं. जुनी बंद करावी असं कुठंही नव्हतं.

“अहो, एक फोन करून विचारा ना,” बायको म्हणाली.

“विचारलं की प्रकरण वाढतं. बंद करायची असती तर तसं लेखी दिलं असतं त्यांनी.”

चालू गोष्ट पुढील आदेश होईपर्यंत चालू, हा त्यांच्या टेबलाचा नियम होता आणि त्या नियमावर त्यांनी सहा साहेब पचवले होते. बायकोनं वाद घातला नाही. या घरात राहायला आल्यावर आधीच्या भाडेकरूच्या नावानं येणारं मासिक त्यांनी चार वर्षं व्यवस्थित क्रमांक टाकून जपून ठेवलं होतं, कारण ते थांबवा असं कुणी लिहून कळवलं नव्हतं. अशा माणसाशी गोळीवरून कोण भांडणार? शिवाय जुन्या गोळ्यांची तीन महिन्यांची बेगमी ड्रॉवरमध्ये पडलेलीच होती. (आवकराव औषधंही स्टेशनरीसारखी, वर्षाची मागणी एकदम नोंदवून आणत.) दुसऱ्या दिवसापासून सकाळी एक नवी, एक जुनी, असं सुरळीत सुरू झालं.

आणि चौथ्या दिवशी सकाळी सव्वा अकरा वाजता आवकरावांना कविता झाली.

ते बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. समोर तेच नेहमीचं झाड, तीच पाण्याची टाकी, तोच दोरीवरचा टॉवेल. पण हळूहळू सगळ्याच्या कडा विरघळू लागल्या. टॉवेल वाऱ्यावर फुगला आणि कुठल्या तरी लांबच्या जहाजाचं शीड होऊन राहिला. टाकीवरचं ऊन पातळ झालं आणि सांडल्यासारखं खाली आलं. रस्त्यावरचे आवाज कापसात गुंडाळून कुणीतरी दूर नेऊन ठेवले. आवकराव स्वतःच्या शरीरापासून दोन बोटं वर तरंगत होते आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. (ज्या माणसाला कॅज्युअल रजा घेतानाही अपराधी वाटे, त्याच्या बाबतीत हे विशेष.) झाडाचं एक पान हलत होतं. आवकरावांनी पाहिलं, त्यांचा हातही हलत होता. त्यांनी आतून रजिस्टर मागवलं आणि लिहिलं:

पान थरथरते की माझा हात?
दोघांत कोण वारा, कोण झाड?

लिहून झाल्यावर सवयीनं अलीकडच्या रकान्यांत क्रमांक एक, तारीख आणि वेळ ११.२० अशी नोंद केली. शेरा हा शेवटचा रकाना कोरा सोडला. तो वरिष्ठांनी भरायचा असतो.

मग रोजच होऊ लागलं. अकरा वाजले की वातावरण मऊ व्हायला लागे, सव्वा अकराला प्रतिभा येई, दुपारी जेवण झालं की दीड वाजता ती रजेवर जाई. दीडनंतरचे आवकराव पूर्वीचेच होते. मीठ कमी आहे म्हणत, गॅसचं बटन दोनदा तपासत. पण त्या दोन तासांत मात्र ते कुणी वेगळेच गृहस्थ असत.

बायकोला आधी संशय आला. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिची केलेली सर्वांत मोठी स्तुती म्हणजे ‘योग्य आहे’. ती साडीला, स्वयंपाकाला आणि मुलीच्या जन्माला एकसारखीच मिळाली होती. आणि एके दिवशी ती न्हाऊन बाल्कनीत केस वाळवत उभी असताना हा माणूस तिच्याकडे बघतच राहिला. बराच वेळ. तिला वाटलं, दोरीवर काहीतरी चुकीचं वाळत घातलं असेल. तर ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “हलू नकोस. तुझ्या कडेला उजेड शिवलाय कुणीतरी.”

ती हलली नाही. केस वाळून कडक झाले तरी हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती भाजी निवडायला सव्वा अकराला बाल्कनीत येऊन बसू लागली. पूर्वी भाजी नऊलाच निवडून होत असे. कपाळावरची बट आधी ती कानामागे खोचायची, आता राहू देत होती. आवकरावांचं ते रजिस्टर धूळ पुसताना उचललं जाई, क्रमांक सतरावर उघडलं जाई आणि मग धूळ पुसायची राहून जाई.

इथपर्यंत थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं, आणि तिथल्या ग्रंथपालानं आवकरावांना रविवारच्या काव्यवाचनाला बोलावलं. वेळ साडेअकरा. आवकरावांना ती वेळ फार शुभ वाटली. आता ते प्रतिभेचा अभ्यास करू लागले. नाश्ता भरपूर झाला की ती उशिरा येते, नाश्ता कमी केला की लवकर आणि जोरात येते, असं त्यांच्या नोंदींवरून दिसत होतं. तेव्हा रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि नाश्त्याला नकार दिला.

“काहीतरी खाऊन घ्या हो.”

“आज रिकाम्या पोटी,” आवकराव म्हणाले. “आज मोठी कविता यायची आहे.”

ती येत होती खरी. इस्त्रीचा सदरा घालून, रजिस्टर काखेत मारून ते बायकोबरोबर निघाले तेव्हा रस्ता ढगासारखा पायाखाली दबत होता. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं सावकाश पोहत होती. समोरून येणारी सायकल बराच वेळ नुसतीच येत राहिली. कुणाच्या तरी खिडकीतून भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला आणि तो एखाद्या मोठ्या घंटेसारखा कितीतरी वेळ हवेत राहिला. असंच चालत राहावं, पोहोचूच नये, असं आवकरावांना वाटत होतं. घसा तेवढा कोरडा पडला होता. बायको म्हणाली, वाटेत औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊ चघळायच्या.

त्या दुकानाबद्दल सांगायला हवं. पूर्वी तिथं एक काका बसत. चिठ्ठी दाखवली की पुडी हातात, आकाशाकडे बघून मान हलवायची, संपलं. चार महिन्यांपूर्वी त्यांची पुतणी लांबच्या देशातून औषधांचं मोठं शिक्षण घेऊन परत आली आणि काउंटरमागे उभी राहिली. तिथं मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळत होती म्हणे, ती सोडून. गल्लीला हे कोडंच होतं. औषधवाली साध्या गोळीलाही पाच प्रश्न विचारी: कधी घेता, कशाबरोबर घेता, आणखी काय घेता. औषध हातात पडलं म्हणजे अर्धंच काम झालं, असं तिचं म्हणणं होतं. डोकेदुखीची गोळी घ्यायला गेलेला माणूस तिच्या चौकशीनंच बरा होऊन परत येतो, असं गल्लीचं. तिनं एक खुर्ची आणून ठेवली होती आणि वर पाटी लावली होती: ‘घरातली सगळी औषधं पिशवीत घालून दाखवायला आणा. सगळी म्हणजे सगळी.’ चार महिन्यांत एकच आजी पिशवी घेऊन आल्या. रिकामी. काय वाटताय, असं त्यांनी विचारलं.

आवकराव काउंटरपाशी आले. मागच्या कपाटात बाटल्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येक बाटलीत थोडी थोडी सकाळ भरून ठेवलेली होती.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझ्या बाटल्या गातायत.”

औषधवालीनं मान वर केली. हवा थंड होती आणि या गृहस्थांचा सदरा पाठीला चिकटला होता. ओठ पांढरे. काउंटरवर ठेवलेलं रजिस्टर हाताच्या थरथरीनं टकटक वाजत होतं. ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि कविता ऐकायला पुढे बसल्यासारखी पुढ्यात बसून त्यांच्या बोटाला सुई टोचली. यंत्रानं आकडा दाखवला. एकावन्न.

तिनं पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे साखर घातली, ढवळली आणि पेला पुढे केला. “काका, पिऊन टाका. लगेच.”

आवकराव फार लांबून हसले. “साखर? मला मधुमेह आहे.”

“तुमची साखर फार खाली गेलीये काका. प्या.”

“तसा आदेश नाही.” त्यांनी पेला दोन बोटांनी बाजूला सारला. “साखर बंद, असं डॉक्टरांनी लेखी दिलंय. तोंडी सांगून ते रद्द होत नाही.”

बायकोचा चेहरा एव्हाना उतरला होता. तिनं पेला तोंडाला लावून पाहिला, तर त्यांनी दात घट्ट मिटले. डोळे मिटू लागले होते. त्यांना आत कुठेतरी फार सुंदर झोप बोलावत होती आणि ती मोठी कविता त्या झोपेच्या पलीकडच्या काठावर उभी होती. आणखी थोडं, की हाताला लागली असती.

“लिहून दे गं त्यांना,” बायको म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “लिहून दिल्याशिवाय हा माणूस मरायचा पण प्यायचा नाही.”

परदेशात शिकलेल्या त्या मुलीला असं कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. पण ती थांबली नाही. खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण ओढून त्यावर तिनं पेनानं लिहिलं: ‘यापूर्वीचा आदेश तूर्त स्थगित. साखरेचं पाणी त्वरित प्यावं.’ खाली सही केली आणि हाताशी होता तो दुकानाचा शिक्का उमटवला.

शिक्क्याचा आवाज मात्र आवकरावांच्या कापसातून आरपार आत गेला. चौतीस वर्षांचा तो आवाज. त्यांनी डोळे उघडले, पुठ्ठा जवळ धरला, खालच्या कोपऱ्यात ‘पोहोच’ असं वेडंवाकडं लिहिलं आणि पेला एका दमात रिकामा केला.

मग पंधरा मिनिटं गेली. बायको त्यांचा हात धरून बसली होती. हळूहळू बाटल्यांचं गाणं बंद झालं. पाट्यांवरची अक्षरं पोहायची थांबून आपापल्या जागी जाऊन बसली. जगाला पुन्हा कडा आल्या, आणि त्या आवकरावांना जरा टोचल्या. पुन्हा बोट टोचलं, आकडा वर आला होता. औषधवालीनं बिस्किटं खायला लावली आणि हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणाली, दुपारपर्यंत इथून हलायचं नाही.

आवकरावांना एकदम वाचनालय आठवलं. साडेअकरा होऊन गेले होते. त्यांनी रजिस्टरकडे हात केला, तर ते औषधवालीच्या हातात होतं. ती वाचत होती. पान उलटायची, मागे जायची, पुन्हा वाचायची, पेन्सिलनं समासात खुणा करायची. कविता इतक्या तन्मयतेनं वाचणारा माणूस आवकरावांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. वाचनालय राहिलं तर राहिलं, त्यांना वाटलं, वाचक तर भेटला.

“कशा वाटल्या?” त्यांनी शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं.

“काका, अप्रतिम.” तिचे डोळे खरोखरच चमकत होते. “इतक्या बारकाईनं लक्षणांची नोंद ठेवलेली मी कुठंच पाहिली नाही. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ. हे बघा ना, ‘पान थरथरते की माझा हात’. हातांना कंप. नऊ नंबर, ‘कपाळावर दव उतरले भर उन्हात’. घाम. बारा, ‘एका झाडाची दोन झाली’. एकाचे दोन दिसणं. चौदा, ‘आत कुणी दार वाजवते रिकाम्या घराचे’. ही छातीतली धडधड, आणि भूक. सगळं सव्वा अकरा ते साडेबारा. जेवल्यावर एकही नोंद नाही.”

आवकरावांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. बायकोनं मात्र नजर खाली घालून विचारलं.

“आणि सतरा नंबर?”

औषधवालीनं पान उलटलं. ‘तू केस वाळवीत उभी, तुझ्या कडेला उजेड शिवलेला.’ पेन्सिल समासापाशी गेली. तिनं एकदा काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कपाळावर मुद्दाम सोडलेल्या त्या बटेकडे पाहिलं आणि पेन्सिल कानावर खोचून ठेवली.

“ती मला नाही कळली काकू,” ती म्हणाली. “ती कविता असेल.”

पण काकू तशा हुशार होत्या. “नजर अंधूक होते ना अशात?” त्यांनी विचारलं. मुलीनं रजिस्टर हळूच मिटलं. तेवढ्यानं कळायचं ते कळलं.

मग तिनं काकूंना घरी पाठवून औषधं आणायला सांगितली. सगळी म्हणजे सगळी. त्या ड्रॉवरच उपसून घेऊन आल्या. औषधवालीनं दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. वरची नावं वेगळी, रंग वेगळे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मात्र आतल्या औषधाचं नाव होतं, दोन्हीकडे तेच. नव्या गोळीत जुनं औषध होतंच, त्याच्या जोडीला आणखी एक होतं, इतकंच.

“एकच गडी काका, सदरे दोन,” ती म्हणाली. “रोज दुप्पट डोस जात होता.”

आवकरावांनी डोकं धरलं. जीव थोडक्यात वाचला हे त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं; पण दुसरी एक गोष्ट उमगली होती आणि ती त्यांना जास्त लागली.

“म्हणजे एकाच पत्राला,” ते पुटपुटले, “दोन आवक क्रमांक.”

“पण ही नवी गोळी न्यायला आलात तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली, “आणखी काही नवीन औषध चालू आहे का म्हणून.”

“नवीन नव्हतंच. म्हणून नाही म्हणालो.”

तिनं वरच्या पाटीकडे पाहिलं. मग स्टुलावर चढली आणि पाटीवर खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘जुनीसुद्धा.’ चूक आपलीही आहे, हे तिनं कुणी न सांगता कबूल केलं, आणि गल्लीला तिच्या शिक्षणाबद्दल पहिल्यांदाच थोडा विश्वास वाटला.

डॉक्टरांना फोन झाला. ते बोलले, तिनं लिहून घेतलं, संध्याकाळी दवाखान्यात तपासणी होऊन त्यावर त्यांची सही आली. विषय, संदर्भ, ‘जुनी गोळी आजपासून कायमची बंद’, सगळं व्यवस्थित. साखर खाली गेली तर काय करायचं तेही लेखी. आवकरावांनी क्रमांक टाकून तो कागद फ्रिजच्या दारावर लावला आणि जुन्या पाकिटांची जावक नोंद करून ती दुकानात जमा केली.

साखर ताळ्यावर आली. प्रतिभा गेली ती परत आली नाही. टॉवेल टॉवेल झाला, टाकी टाकी झाली.

बायको मात्र आठवडाभर सव्वा अकराला बाल्कनीत येत राहिली. भाजी निवडायची, केस मोकळे सोडायची. आवकराव रोज तिच्याकडे बघत, तोंड उघडत, आणि आतून ‘योग्य आहे’ येतंय असं वाटून ते मिटून घेत. त्यांना फार वाईट वाटे. तरंगायचं सुख गेलं त्याचं नाही. पण तिच्याभोवतीचा उजेड त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो निव्वळ साखरेचा होता हे कबूल करायला त्यांचा जीव धजत नव्हता. तेव्हा भरल्या पोटी, एकशे अठरा साखर असताना, शुद्धीवरच्या माणसानं लिहिलेली कविता तिला द्यायची असं त्यांनी ठरवलं. आठ दिवस खपले. कागद फाडले, ओठ चावले, एकदा तर चंद्रही घालून पाहिला, पण त्याला जावक क्रमांक देता येईना म्हणून काढून टाकला. शेवटी सोमवारी सव्वा अकराला त्यांनी रजिस्टर बायकोच्या मांडीवर, भाजीवरच ठेवलं आणि खांबाआड उभे राहिले.

तिनं वाचलं:

विषय: आपले केस वाळविणेबाबत.
संदर्भ: आपली बाल्कनीतील दैनंदिन उपस्थिती.
उपरोक्त विषयी सविनय कळविण्यात येते की,
आपल्या कडेस उजेड असल्याचे
निम्नस्वाक्षरीकाराने पुनश्च, चष्मा लावून, पाहिले आहे.
माहितीस्तव सादर.

ती पुष्कळ वेळ वाचत होती. मग तिनं मागे न बघताच हात पुढे केला. आवकरावांनी खांबाआडून धावत येऊन पेन दिलं. त्या रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच कुणीतरी काही लिहीत होतं. त्यांचं काळीज धडधडत होतं, आणि ही धडधड कुठल्याही गोळीची नव्हती.

तिनं लिहून, खाली सही करून, रजिस्टर त्यांच्या हातात परत दिलं आणि भाजी उचलून आत गेली. केस मोकळेच होते.

शेरा होता: ‘साखर नॉर्मल. मोजण्याची गरज नाही.’